पोकळ काडतूस

डोंगरावरच्या मेंढ्या हिवाळ्यासाठी दरीत उतरायच्या आत त्या रानडुकराला मारायचे, एवढ्या एकाच कामासाठी ते चौघे २०२१च्या ऑक्टोबरात कॉनेमाराच्या आयरिश डोंगरात शिरले होते. कुणा हौशी माणसाने चोरून आणून मोकळे सोडलेले ते जनावर आता रेडकाएवढे माजले होते. त्याने दरीतल्या मार्टिनचे बटाट्याचे शेत उकरले, त्याच्या कुत्रीचे पोट फाडले. आणि ज्याने हे पाप केले, तो मात्र नामानिराळा राहिला! तनयला याचीच अधिक चीड येत होती. करणारा एक आणि सोसणारा दुसरा, हा हिशेब त्याला लहानपणापासून कधी पटला नव्हता. पण तो हे कुणाला बोलून दाखवत नसे.

तनय गॉलवे शहरात, रक्तवाहिन्यांत घालायच्या बारीक नळ्या बनवणाऱ्या कंपनीत तपासनीस होता. डोंगर त्याच्या पायाखालचे, म्हणून वाट दाखवायला तो आला होता. माग काढायला केतकी होती. ती विद्यापीठात प्राण्यांवर संशोधन करत होती. बंदूक होती पद्माकरदादांकडे. चेरीवूड उपनगरातल्या ऑफिसात संगणकापुढे बसणाऱ्या या गृहस्थांनी तरुणपणी नामिबियात नोकरी करताना रानरेडे लोळवले होते, आणि ते कुणाला विसरूही दिले नव्हते. चौथा मार्टिन. साठी उलटलेला, काठीच्या आधाराने दलदलीत पाय रोवणारा मेंढपाळ.

दुपारपर्यंत त्यांनी दोन ओढे ओलांडले. दुसऱ्यात केतकी कमरेपर्यंत भिजली. मग धुके उतरले आणि डोंगर एकेक करून नाहीसे झाले. धुके विरले तेव्हा तांबूस गवताचा अफाट उतार समोर पसरला होता, आणि त्याच्या टोकाशी एक तळे, कुणाची तरी वाट पाहून थकलेल्या डोळ्यासारखे, आकाशाकडे पाहत पडले होते. दगडी गडग्याच्या आडोशाला सगळे टेकले.

"तनय, बोल की काहीतरी," केतकी मोजे पिळत म्हणाली. "डोंगराला शांतता कमी पडतेय का?"

पद्माकरदादांनी खिशातून एक लांबलचक काडतूस काढून तिच्या तळहातावर ठेवले. "हे बघ. थ्री-सेव्हंटी-फाइव्ह. रानरेडा लोळवणारं. दुकानातलं नाही, बरं का! मी स्वतः भरलंय. गॅरेजमध्ये."

तनयने चमकून वर पाहिले. "दादा, पण घरी काडतुसं भरायला इथे बंदी आहे. आणि आपल्या परवानगीत तर स्पष्ट अट आहे, कारखान्यातलीच वापरायची."

"अरे, अटी ऑफिसातल्या लोकांसाठी असतात. कारखान्यातलं काडतूस म्हणजे हॉटेलचं वरण. हे घरचं!"

"भरल्यावर प्रत्येकाचं वजन तरी करून पाहिलंत?"

"केतकी, ऐकलंस? हा माझं ऑडिट करतोय! बाळा, तू शाळेत होतास ना, तेव्हापासून भरतोय मी."

केतकी हसली. मराठीचा एकही शब्द न कळलेल्या मार्टिनने इंग्रजीत विचारले, "हा पोरगा काय म्हणतोय? काही भानगड?"

"छे, छे!" दादा म्हणाले. "सगळं ग्रँड आहे."

ग्रँड, म्हणजे इथल्या बोलीत ठीकठाक! ज्याच्या जिवावर बेतू शकते त्यालाच अंधारात ठेवायचे, आणि वर हसायचे! तनयची कानशिले तापली. शब्द ओठांपर्यंत आले, तिथे नेहमीसारखे घुटमळले आणि परतले. तो उठून पुढे चालू लागला. दादांवरच्या रागापेक्षा स्वतःवरचा राग त्याला अधिक जड वाटत होता.

तळ्याच्या काठाशी केतकीने हात वर केला. चिखलात ताजे खूर उमटले होते. उकरलेल्या मातीतून अजून पाणी पाझरत होते. समोर जंगली ऱ्होडोडेंड्रॉनच्या झुडपांची काळपट जाळी. वारा पडला.

जाळी हलली. आणि फुटली!

ते काळे धूड थेट मार्टिनच्या रोखाने सुटले. मार्टिन मागे सरला, त्याचा पाय दलदलीत मांडीपर्यंत रुतला, काठी निसटली. दादांनी बंदूक खांद्याला लावली. चाप ओढला.

फट्!

बस्स. लग्नातल्या ओल्या फटाक्यासारखा आवाज. तनयच्या नजरेने टिपले: दादांचा खांदा हललासुद्धा नाही! ही बंदूक धडाडली की भरदार माणूसही एक पाऊल मागे रेलतो. मग गोळी गेली कुठे? गेलीच नाही. ती नळीतच आहे!

दादांनी बंदुकीची खिट्टी, बोल्ट, मागे ओढून दुसरे काडतूस आत ढकलायला घेतले.

"थांबा!" तनयने बोल्टवर झडप घातली. "नळी बंद आहे! फुटेल!"

"सोड! माणूस मरेल तिकडे!"

"तुम्हीही मराल! आणि तो वाचणार नाहीच!"

त्याने हिसडा देऊन बोल्टच उपसला आणि गवतात भिरकावला. केतकीने एव्हाना पाठपिशवीतली, अख्खा माणूस मावेल अशी नारिंगी आपत्कालीन पिशवी ओढून काढली होती. तनयने तिचे दुसरे टोक पकडले. दोघे धावले. ओरडत, ठेचकाळत, पिशवी फडफडवत, थेट त्या जनावराच्या वाटेवर! मोठा, भडक, खडखडणारा पडदा अचानक आडवा आला. डुक्कर बिचकले. वळले. त्याचा सुळा पिशवी चरचर फाडत गेला, तनयच्या मनगटाला रक्ताची रेघ ओढून गेला. मग चिखलाचे सपकारे उडवत ते तळ्याकाठाने दूर निघून गेले.

मार्टिनला बाहेर ओढले तेव्हा त्याचा घोटा वाकडा झाला होता. चेहरा राखेसारखा, पण शिव्या मात्र शाबूत.

दादांनी नळी डोळ्याशी धरली. पलीकडचा उजेड दिसायला हवा होता. दिसला तो काळोख.

ते मटकन खाली बसले. "काडतुसाची टोपी उडाली, पण आत दारूच नव्हती," ते पुटपुटले. "गणपतीत... मंडळाची आरती ऑनलाइन होती ना. लॅपटॉप समोरच होता. आरती सुरू झाली, बसून कशी ऐकायची? उठलो, हात जोडले, टाळ्या वाजवल्या. परत बसलो तेव्हा दारू कुठल्या काडतुसापर्यंत घातली होती..." मग झटकन तनयकडे वळून हलक्या आवाजात, "हे बघ, त्याला सांगू नकोस. बंदूक अडकली म्हणू. मराठी माणसाचं नाव खराब होईल."

"नाव?" तनयचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "तुम्ही आज त्याला मारलं असतं, दादा! देवापुढे उभे राहिलात, त्यात काय चुकलं? चुकलं ते परत बसल्यावर. पुन्हा पहिल्यापासून तपासायला तुम्हाला कमीपणा वाटला! आणि विचारलं, तर मी बाळ!"

मग त्याने मार्टिनपुढे गुडघे टेकले आणि इंग्रजीत, न अडखळता, सारे सांगितले. गॅरेज, बंदी, आरती. आणि दुपारपासून आपण गप्प राहिलो, तेही.

मार्टिनने टोपी काढून दादांपुढे धरली. "उरलेली."

दादांनी काडतुसे एकेक करून टोपीत टाकली.

"आधी पोलिसांकडे जायचं, मग डॉक्टरकडे," मार्टिन दादांना म्हणाला. "आणि मला तू उचलशील. तूच."

पलीकडच्या कड्यावर ते डुक्कर उभे राहिले होते, सावकाश माती हुंगत, कुणालाही सहज टिपता आले असते असे. केतकीने गवतातून बोल्ट शोधून पिशवीत टाकला, मुकी बंदूक खांद्याला अडकवली, आणि ते उतरू लागले. वाट दाखवत पुढे तनय. मागे पाठीवर मार्टिनला घेऊन, धापा टाकत पद्माकरदादा.

पहिल्या ओढ्यापाशी दादा थांबले. "तनय, थोडा वेळ तू घेतोस का रे?"

तनयने त्या घामेजलेल्या, एकाएकी म्हाताऱ्या दिसणाऱ्या चेहऱ्याकडे पाहिले. तो पाण्यात उतरला. गार प्रवाहात पाय घट्ट रोवून त्याने रक्ताळलेला हात पुढे केला.

"धरा. पडू देणार नाही मी तुम्हाला," तो म्हणाला. "पण न्यायचं तुम्हीच."