गच्चीवरचं ढगमंडळ

तिसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात उभी राहून मी विषयनिवडीच्या फॉर्मकडे बघत होते, तेवढ्यात वारा आला आणि फॉर्म हातातून निसटला. हवेत एक गिरकी घेतली त्याने, आणि समोरच्या बुटक्या इमारतीच्या गच्चीवर अलगद जाऊन बसला. खरं सांगू? मला जरा बरंच वाटलं. कोऱ्या फॉर्मकडे बघून बघून डोळे दुखायला लागले होते.

कॉलेजचं पहिलं वर्ष, दुसरा महिना. खाली पटांगणात मंडळांची नोंदणी चालली होती. नाट्यमंडळ, वादविवाद, छायाचित्रण, गिर्यारोहण… सकाळपासून मी सात ठिकाणी नाव घातलं होतं आणि त्यातल्या पाच ठिकाणचं काढूनही घेतलं होतं. घरी ताई मला ‘धरसोड’ म्हणते, ते काही उगाच नाही.

धापा टाकत त्या इमारतीचा जिना चढले, गच्चीचं दार ढकललं. मधोमध एक उंच, किडकिडीत मुलगा कमरेवर हात ठेवून, मान मागे टाकून आभाळाकडे बघत उभा होता. स्वेटरची एक बाही कोपरापर्यंत सरकवलेली, दुसरी तशीच. माझा फॉर्म त्याच्या बुटाखाली.

“सर, तो माझा—”

“शू… एक मिनिट. पाच की सहा?”

“काय पाच की सहा?”

“आभाळाचे आठ भाग करायचे. मनातल्या मनात. त्यातले किती ढगांनी भरलेत?”

मी वर बघितलं. इतकं सावकाश मी आभाळाकडे कधी बघितलंच नव्हतं. पांढरे ढग कडेकडेने विरघळत चालले होते, आणि मधून निळा रंग जपून, चोरपावलांनी पुढे येत होता.

“साडेपाच,” मी म्हटलं.

“साडे नसतं. काहीतरी एक ठरवावं लागतं.”

“मग कठीण आहे. ठरवणं मला जमत नाही.”

तेव्हा कुठे त्याने मान खाली केली. माझ्याकडे बघितलं, मग बुटाखालच्या कोऱ्या कागदाकडे, आणि हसला. “ते दिसतंच आहे. बरं, पाच लिहितो. तुझ्या भरवशावर. आणि सर म्हणू नकोस, तिसऱ्या वर्षाला आहे मी.”

हे होतं हवामान मंडळ. पांढऱ्या झडपांची एक लाकडी पेटी, तिच्यात दोन तापमापी, पाऊस मोजायचं एक नळकांडं, आणि सकाळी आठ नि दुपारी तीनला भरायची एक जाडजूड वही. सभासद दोन, त्यातला एक गेल्याच आठवड्यात फुटबॉलला पळालेला.

“म्हणजे तू एकटाच?”

“हो. पण सभेला हजेरी शंभर टक्के असते.”

मी नाव घातलं. आणि कधी नव्हे ते काढून घेतलं नाही.

त्याला सगळं कॉलेज ‘ढगोबा’ म्हणायचं. आठवडाभरात मीही म्हणायला लागले. रोज सकाळी आठच्या आधी मी गच्चीवर पोचायची. तो थर्मासमधला चहा झाकणात ओतून मला द्यायचा आणि स्वतः थर्मासलाच तोंड लावायचा. गार हवेत चहाची वाफ, ओल्या सिमेंटचा वास, आणि त्याचा तो हळू आवाज – “एकोणीस पूर्णांक दोन… लिहिलंस?” मी लिहायची. दिवसभर वेगवेगळ्या वर्गांत डोकावून यायची आणि तीन वाजता त्याला अहवाल द्यायची.

“अर्थशास्त्र?”

“बाकावरची मुलगी झोपली. मग मीही.”

“मानसशास्त्र?”

“सरांनी सांगितलेली सगळी लक्षणं मला आहेत.”

“कुठली लक्षणं?”

“सांगणार नाही… ज्याला आहेत त्यालाच कळतात.”

तो वहीत डोकं खुपसून हसायचा. त्याचे कान लाल व्हायचे. थंडीने असतील, असं मी स्वतःला समजवायची. एकदा वाऱ्याने वहीची पानं फडफडली आणि ती धरायला आम्ही दोघांनी एकदमच हात टाकला. माझ्या हातावर त्याचा हात… दोघांनीही तो लगेच काढून घेतला, आणि वहीची तीन पानं पुढे उलटून गेली. त्या दुपारची नोंद चुकीच्या पानावर आहे. अजूनही.

फॉर्म भरायच्या तारखेला पंधरा दिवस उरले होते. ताईचा फोन आला तेव्हा मी तापमापीवर वाकले होते, हातात वही, दातात पेन. फोन कठड्यावर ठेवून स्पीकर लावला.

“काय गं धरसोड, ठरला का विषय?”

“ठरल्यासारखाच आहे. भौतिकशास्त्र. पुढे हवामानाकडे जाईन.”

पलीकडे ताई खो-खो हसत सुटली. “बारावीत भौतिकशास्त्राच्या पुस्तकाची उशी करून झोपायचीस तू! खरं सांग, विषय आवडलाय की विषय शिकवणारा?”

मी झडप घालून फोन बंद केला. मागे वळले. ढगोबा पर्जन्यमापक हातात धरून तसाच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

“ताईला सवयच आहे… थट्टेची,” मी म्हणाले.

“हं.”

त्याने नळकांडं जागेवर ठेवलं. ते नीट बसलेलं असतानाही दोनदा फिरवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “पहिल्या वर्षी मी रसायनशास्त्र घेतलं होतं. एका मुलीसाठी. ती दोन महिन्यांत कॉलेज सोडून गेली, रसायन मात्र वर्षभर राहिलं. वर्ष वाया गेलं ते गेलंच, पण जास्त वाईट काय वाटलं माहितीय? मला तिचा राग यायला लागला. तिचा काही दोष नसताना.”

“माझं तसं नाहीये—”

“असेलही. पण मी समोर असताना तुला कसं कळणार?” त्याने खिशातून गच्चीची किल्ली काढली. “तू फॉर्म भरेपर्यंत मी येत नाही. किल्ली तुझ्याकडे ठेव.”

किल्ली माझ्या तळहातावर ठेवून तो गेला. त्या माणसाला आभाळाच्या आठव्या भागातलं कळायचं, आणि समोरच्या मुलीच्या डोळ्यांतलं पाणी कळलं नाही, असं वाटून मला असा काही राग आला! नाही आला तर नाही. अडलंय माझं खेटर.

मी हट्टाने रोज जात राहिले. एकोणीस पूर्णांक एक. अठरा पूर्णांक सात. तिसऱ्या दिवशी जांभई आली. पाचव्या दिवशी स्वतःशीच कबूल केलं की आकड्यांत मला काडीचाही रस नाही. मग ताईचंच खरं की काय?

त्या दिवशी काही सुचेना म्हणून जिन्याजवळच्या खोलीतलं कपाट उघडलं. आत जुन्या वह्या होत्या, थेट चाळीस वर्षांपूर्वीपासूनच्या. आकड्यांच्या शेवटी ‘शेरा’ नावाचा एक अरुंद रकाना. आणि त्यात माणसं बसली होती!

‘धुकं. टेकडी दिसली नाही. निकाल दिसला, न दिसता तर बरं होतं.’

‘वारा जोरात. टोपी गेली. आता दुसरी घेणार नाही.’

‘पाऊस नाही. आई बरी असल्याची तार आली.’

मी जमिनीवर फतकल मारून बसले ती तास बुडेपर्यंत. कोण होता हा टोपीवाला? त्याची आई पुढे नीट राहिली का? रात्री झोपताना तेच, सकाळी दात घासताना तेच. कॉलेजच्या जुन्या हजेरीपटांत शोधलं, कार्यालयातल्या मावशींचं डोकं खाल्लं, आणि शेवटी चार वह्या छातीशी धरून इतिहासाच्या बाईंच्या दारात उभी राहिले.

बाईंनी चष्मा वर सरकवून एकेक शेरा वाचला. “हे मला कुणी विचारायला येईल म्हणून मी तेवीस वर्षं इथे बसले आहे,” त्या म्हणाल्या. “सुट्टीत नगर अभिलेखागारात इंटर्नशिप करशील? बंदरावरच्या जुन्या नोंदवह्या लावायच्या आहेत. धूळ फार असते.”

“करीन,” मी म्हटलं. विचार न करता. आयुष्यात पहिल्यांदा.

बाराव्या दिवशी फॉर्म भरून दिला, आणि ढगोबाला शोधायला निघाले. वर्गात नव्हता, कँटीनमध्ये नव्हता. ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर सापडला, खिडकीशी. समोर पुस्तक उघडं. मी जवळ गेले आणि खिडकीबाहेर नजर गेली. समोर आमची गच्ची होती. पांढरी पेटी, कठडा, सगळं स्पष्ट.

“तू रोज इथे बसायचास?”

तो दचकून उठला. “आठ वाजता. तू वर पोचलीस की मग वर्गात जायचो.”

“म्हणजे यायचं नाही, पण बघायचं.”

“निरीक्षण करणार नाही, असं मी म्हटलं नव्हतं.” हसायला गेला, पण त्याला जमलं नाही. “फॉर्म…?”

“दिला. इतिहास.”

त्याचा चेहरा एकदम उजळला आणि तितक्यातच उतरला. दोन्ही इतक्या पटकन की मला हसू आवरेना.

“छान. खरंच छान.” त्याने पुस्तक मिटलं. “मग आता गच्चीवर यायचं तुला काही कारण उरलं नाही.”

“नाही उरलं. तापमापी भयंकर कंटाळवाणा असतो.”

“हं…”

“तरी उद्या मी येणार आहे. परवाही. काही कारण नसताना, नुसतंच… यावंसं वाटतं म्हणून.” माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “याला काय म्हणतात ते तूच सांग. तू तिसऱ्या वर्षाला आहेस.”

त्याचे कान लाल, आणि इथे तर थंडीही नव्हती. पलीकडून ग्रंथपालांनी पेन टेबलावर आपटलं. “बोलायचं असेल तर बाहेर!”

आम्ही बाहेर आलो. जिन्याच्या वळणावर उन्हाची एक तिरीप पडली होती, त्यात तो थांबला.

“बारा दिवस तेच एक पान वाचतोय,” तो म्हणाला. “काय लिहिलंय, देवाला ठाऊक. तू मला… फार आवडतेस गं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू हो म्हणाली असतीस, आणि तुला ते पुढे कधीतरी जड झालं असतं, तर…”

“आणि आता?”

“आता तुझा विषय तुझा आहे.” त्याने हात पुढे केला, अर्ध्यावरच थांबवला. “आता चालेल?”

उरलेलं अर्धं अंतर मी पार केलं. त्याची बोटं गार होती. माझीही.

खाली तासाची घंटा झाली. पोरांचा लोंढा जिना चढून आला, आमच्या दोन्ही बाजूंनी वाट काढत गेला. कुणी शीळ घातली, कुणी ‘ढगोबाऽऽ’ म्हणून ओरडलं.

“माझा तास आहे,” मी म्हटलं.

“माझाही.”

“जायला हवं.”

“हवंच.”

जिना रिकामा झाला. वर्गांची दारं एकेक करून लागली. आम्ही दोघं मात्र तिथेच होतो.