दुपारचा हुंकार

गोष्ट ऐकताना मधून मधून ‘हं’ म्हणायचं, ही आमच्या घरची रीत. हुंकार थांबला की सांगणाऱ्याने ओळखायचं, पोर झोपलं. ईश्वरी, माझी पाच वर्षांची मुलगी, हुंकार द्यायला मोठी हुशार. रोज रात्री जेवणं उरकली की पिंपरी पेंढारच्या आमच्या घरात चादरीचा पडदा लागायचा, उलथनं तलवार व्हायचं आणि जुन्या पुस्तकातला राजा, राक्षस, म्हातारी, सगळी सोंगं मी एकटीच करायचे. शेजारणी हसायच्या. मी आपली माझ्याच तोऱ्यात.

नियम एकच, माझ्या आईचा. “मंगल, दिवसा गोष्ट सांगू नगं. मामा वाट चुकतो.” लहानपणी सगळ्यांनीच ऐकलेलं असतं हे. मी हसण्यावारी न्यायचे, पण पाळायचे.

माघात ईश्वरी तापाने फणफणली. भर दुपारी औषध तोंडात घेईना. “गोष्ट सांग, मग पिते,” म्हणाली. तिचा मामा, माझा धाकटा भाऊ ज्ञानेश्वर, तिच्यासाठी धरणातले मासे घेऊन डिंभ्याहून मोटारसायकलवर निघाला होता. नारायणगाव सोडल्याचा त्याचा फोनही येऊन गेला होता. आईचं बोलणं मला आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि तरी मी पुस्तक उघडलं.

राजपुत्र जंगलात शिरला, तिथवर आले आणि फोन वाजला.

“ताई, मी उसाच्या वाटंला लागलोय... पण तुमच्याकडचा फाटाच घावंना.”

“अरे, शंभरदा आलायस या वाटेनं!”

“व्हय, पण आज ऊस संपतच न्हाई... तुजा आवाज येतोय पण. राजपुत्राची गोष्ट सांगत व्हतीस न्हवं? त्याच्याच मागं मागं येतोय मी...”

फोन तर मी आत्ता उचलला होता. त्याआधीचं माझं सांगणं त्याला कुठून ऐकू गेलं? मी पुस्तक मिटलं आणि नेऊन देवापुढे ठेवलं.

“ताई... का थांबलीस?”

मग नुसती पानांची सळसळ. फोन बंद झाला.

त्याची गाडी आमच्या घरामागे, उसाच्या बांधावर सापडली. स्टँडवर नीट लावलेली. हँडलला माशांची पिशवी तशीच. लोक म्हणाले, बिबट्या. वनखात्याची माणसं आली, सगळा ऊस तोडून झाला, पण रक्ताचा थेंब नाही की पायातली चप्पल नाही. आई अजून विचारते, “शेवटचं काय बोलला गं त्यो?” मी सांगते, “येतो म्हणाला.” तिच्या तोंडाकडे बघवत नाही मला. त्याला वाट चुकवली मी, आणि सापडत होती ती तोडलीही मीच.

तेव्हापासून रोज दुपारी मागचं दार उघडं ठेवून, ईश्वरीला जवळ घेऊन मी तीच गोष्ट सांगते. आठवड्याने हुंकार आला. ईश्वरीचा नव्हे, जाड, पुरुषाचा. मागच्या रानातून. तिथे आता ऊसही नाही, नुसती बुडखी आहेत. मी धावत बाहेर गेले, हाका मारल्या, कोणी नाही. पण हुंकार रोज थोडा जवळून येतो. आधी विहिरीपाशी, मग गोठ्यापाशी. ज्ञाना येतोय, या आशेवर मी जगत होते.

काल तो दाराच्या उंबऱ्यापाशी आला. मासळीचा वास आला. मी सांगत राहिले... आणि लांबून, पार बांधाकडून, दुसरा हुंकार आला. बारीक. ईश्वरीचा.

ईश्वरी माझ्या मांडीवर गाढ झोपली होती.

मी तिला गदागदा हलवून उठवलं. उठली, हसली, जेवली. पण कालपासून एक शब्द बोललेली नाही. रात्री गावातले डॉक्टर बघून गेले, म्हणाले, घसा चांगला आहे.

आता बारा वाजत आलेत. थांबले तर उंबऱ्यापर्यंत आलेला भाऊ पुन्हा हरवेल. सांगितली तर माझी पोर... ईश्वरीने आत्ताच देवापुढचं पुस्तक आणून माझ्या मांडीवर ठेवलं आणि समोर बसली, ओठ मिटून.

मी अजून तोंडही उघडलेलं नाही. आणि बांधाकडून बारीक आवाज आला, “हं...”