शनिवारचे पेशंट

बाकावर जागा एकच होती, आणि तीही त्या उंच, सावळ्या तरुणाच्या शेजारी. रेबेका क्षणभर घुटमळली. मग पदर सावरून अगदी कडेला टेकली... इतकी कडेला, की त्यालाच राहवलं नाही.

"नीट बसा बाई. पडलात तर हितं हाडांचा डॉक्टर न्हाई."

नगरच्या त्या धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात दर शनिवारी पुण्याहून एक डॉक्टरीणबाई येऊन बसत. दारावर पाटी नव्हती. ज्याला यायचं असे तो खाली मान घालून, विचारत विचारत पोचे. मनाच्या आजारांच्या डॉक्टर – एवढं उच्चारायलाही तेव्हा, एकाहत्तर सालात, लोक बिचकत.

"तुम्ही... कुणाला घेऊन आलात?" काहीतरी बोलायला हवं म्हणून रेबेकानं विचारलं.

"मावशीला." त्यानं समोर भिंतीला टेकून बसलेल्या म्हातारीकडे हनुवटीनं दाखवलं. "आन् तुमी?"

"मैत्रिणीबरोबर. ती... येईलच इतक्यात."

थोड्या वेळानं एक माणूस आला, म्हातारीला 'चल गं आई' म्हणाला आणि हाताला धरून घेऊन गेला. तरुण जागचा हलला नाही. तो छताच्या कौलांकडे फार लक्षपूर्वक पाहत होता.

"तुमच्या मावशी गेल्या," रेबेका म्हणाली.

"व्हय... दुसऱ्याच्याच निघाल्या."

तिला हसू फुटलं. ते ओठांवर असतानाच आतून हाक आली, "रेबेका ससाणे." ती उठली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. मागून अगदी हलका आवाज आला, "मैत्रीण आली वाटतं."

रेबेका राहात्याच्या शाळेत शिकवायची. वडील लहानपणीच गेले होते. आईनं, साळूबाईनं, मिशनच्या बोर्डिंगात भाकऱ्या थापून तिला मास्तरीण केलं होतं. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि एके सकाळी प्रार्थनेच्या वेळी मुलांसमोर उभी असताना तिच्या छातीत एकाएकी धडधडायला लागलं. हात गार पडले, श्वास पुरेना. आपण आता मरणार, असं तिला अगदी खरोखर वाटलं. मरण आलं नाही. पण त्या दिवसापासून चार माणसांसमोर उभं राहायचं म्हटलं की तेच. शेवटी ती बिनपगारी रजा घेऊन घरी बसली.

आईनं टॉनिकं पाजली. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. शेजारच्या रतनबाईंनी शिंगणापूरला तेल वाहायला सांगितलं. नगरच्या मोठ्या डॉक्टरांनी छातीला तारा लावून आलेख काढला आणि सांगितलं की हृदय ठणठणीत आहे, आता मनाच्या डॉक्टरला दाखवा. साळूबाई घरी येऊन रडली. मग तिनं डोळे पुसले आणि आळीत सांगून टाकलं, की रेबाची अक्कलदाढ दुखते, दर शनिवारी नगरला दातांच्या डॉक्टरकडे जावं लागेल.

डॉक्टरीणबाईंनी रेबेकाला वेडीबिडी ठरवलं नाही. त्यांनी नुसतं विचारलं आणि बराच वेळ ऐकलं. तिला खाटेवर निजवून पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक अंग आधी ताणायला आणि मग सैल सोडायला शिकवलं. झोपताना घ्यायला अर्धी गोळी दिली. भीतीची लाट येते तशी ओसरते, तिच्याशी झगडायचं नाही, श्वास सावकाश सोडत थांबायचं, असं समजावलं. आणि ज्याची भीती वाटते ते टाळायचं नाही. पण एकदम अंगावरही घ्यायचं नाही. पायरी पायरीनं चढायचं. आधी एका माणसासमोर मोठ्यानं वाचायचं. मग दोघांसमोर...

त्या संध्याकाळी राहात्याच्या गाडीत तो तरुण तिच्या पुढच्याच बाकावर निघाला. त्याचं नाव याकोब पाटोळे. राहुरीचा, विजेच्या बोर्डात वायरमन. राहुरी येईपर्यंत त्यानं मावशीच्या नावावर खपवलेला आजार आपलाच असल्याचं सांगून टाकलं. सुसाट वाऱ्यात तो खांबावर काम करत होता, आणि अचानक पाय लुळे पडले. वरही जाता येईना, खालीही येता येईना. सोबत्यांनी दोर बांधून उतरवला. तेव्हापासून खांबाला हात लावला की घाम सुटायचा. साहेबांनी तूर्त ऑफिसात बसवलं होतं, पण किती दिवस बसवतील? मग रेबेकानंही आपलं शाळेतलं सांगितलं.

"लोकं इचारत्यात, वायरमन असून खांबाला भितो व्हय रं? मी म्हनतो, मास्तरीण असून पोरांना..." तो थांबला. "तुमाला न्हाई म्हनलं हां बाई."

"मलाच म्हणालात," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर पाहत हसली. उसाच्या फडांवर ऊन उतरत होतं.

मग शनिवार असेच येत गेले. दवाखान्यात ती दोघं आता बाकाच्या मधोमध बसत. परतताना तो कागदाच्या पुडीतले शेंगदाणे तिच्यापुढे धरी आणि ती त्याला वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवी. एका माणसासमोर वाचायची तिची पहिली पायरी तोच होता. ती अडखळली की तो दुसरीकडे बघायचा, तिचा श्वास पुन्हा लयीत आला की हळूच म्हणायचा, "फुडं?" राहुरी जवळ आली की गाडी जरा जास्तच जोरात धावते, असं रेबेकाला वाटू लागलं होतं.

आणि त्यातच आळीतल्या कुणीतरी तिला त्या व्हरांड्यात बसलेलं पाहिलं. बातमी तिच्या आधी घरी पोचली. संगमनेरच्या एका चांगल्या घरातून तिला मागणी येऊ घातली होती. साळूबाईनं दाराला आतून कडी लावली आणि बजावलं, की नगर आता पुरे. झालं तेवढं बरं झालं. ते संगमनेरात कळलं तर जन्माचं नुकसान होईल.

रेबेका दोन शनिवार गेली नाही. गोळ्या संपल्या. पुन्हा पहाटे धडकी भरून जाग यायला लागली. आईला कसं सांगावं कळेना, आणि याकोब बाकावर एकटा बसला असेल... हा विचार तर कुणालाच सांगण्यासारखा नव्हता.

त्या रविवारी दुपारी तो दारात उभा राहिला. शाळेजवळ पत्ता विचारून आला होता. साळूबाईनं त्याला पाणी दिलं आणि कोण, कुठला, ते विचारलं. रेबेका आतल्या दाराशी थिजून उभी होती. हा आता काय थाप मारणार – शाळेचं काम? विजेचं मीटर?

"मी पन त्याच डॉक्टरीणबाईंचा पेशंट हाय, मावशी," याकोब म्हणाला. "बाई दिसल्या न्हाईत म्हनून आलो. मधीच सोडलं तर आजार पुन्हा डोकं काढतो. मी सोडलं हुतं एकदा, म्हनून ठावं."

साळूबाईनं त्याच्या हातून रिकामा पेला घेतला. "तुला सांगायला लाज न्हाई वाटत?"

"वाटत हुती. पयल्या दिवशी ह्यांच्याशीच खोटं बोललो. मंग वाटलं, ताप आला तर आपन सांगतोच की."

"आई," रेबेका पुढे आली. हात गार पडले होते, पण आवाज निघाला. "मी या शनिवारी जाणार आहे. आणि संगमनेरच्यांना तू सांग, मी कुठे जाते ते. ऐकूनही येणार असतील तर येऊ देत."

 साळूबाईनं चुलीपाशी जाऊन चहाचं आधण ठेवलं. पातेल्यात तिनं तीन कप पाणी ओतलेलं रेबेकानं पाहिलं, आणि तिला हायसं वाटलं.

संगमनेरचे आले नाहीत.  साळूबाई दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, की बरंच झालं, अशा घरात पोरीला साधा खोकला आला तरी चोरून खोकावं लागलं असतं.

रेबेका बरी होत गेली. एका दिवसात नाही. मध्ये दोन पावलं मागेही गेली. पण मार्चात, बाहेर निवडणुकीच्या जीपा कर्णे लावून धावत असताना, ती एका रविवारी चर्चमध्ये मंडळीसमोर उभी राहिली आणि शास्त्रपाठ वाचला. मध्येच लाट आली. ती थांबली, श्वास सावकाश सोडला, आणि उरलेलं वाचलं. मागच्या बाकावर याकोब पांढराशुभ्र सदरा घालून बसला होता.

उपासनेनंतर ती त्याला स्टँडपर्यंत पोचवायला गेली. साळूबाईनंच पेरूंची पिशवी देऊन पाठवलं होतं. कडुनिंबाखाली दोघं उभी राहिली.

"परवा चढलो," तो म्हणाला. "पार तारंपर्यंत. वरून मुळा नदी दिसली. लई दिवसांनी बघितली तिथून."

"आणि मला आत्ता सांगताय?"

"तुमचं वाचन व्हायचं हुतं आधी."

 वाऱ्यानं कडुनिंबाचा मोहर तिच्या केसांवर पडत होता. तो काढावा की नाही, असं त्याच्या हाताचं चाललं होतं.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "पण भीती वाटते. म्हणून पायरी पायरीनं सांगते... मला शनिवारची वाट बघायला आवडतं. ही पहिली."

"आन् दुसरी?"

"गाडीत तुमच्याशी बोलायला आवडतं. राहुरी येऊच नये असं वाटतं."

"तिसरी?"

"तिसरी तुम्ही चढा."

 एरवी शब्दाला शब्द देणाऱ्या याकोबनं पिशवीतला एक पेरू उगाच बाहेर काढला, पुन्हा आत ठेवला. त्याचे कान लाल झाले होते.

"छातीत धडधडतंय का?" तिनं मऊ आवाजात विचारलं.

"व्हय."

"मग श्वास सावकाश सोडा. घाई नाही."

त्यानं खरोखरच सोडला. मग सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"बाई... माझ्या आईला राहात्याला कधी आनू? तुमच्या आईशी बोलायला?"

"रविवारी आणा," रेबेका म्हणाली. "शनिवारी आपण नगरला असतो."

राहुरीची गाडी धूळ उडवत आली. कंडक्टरनं दारातून वाकून विचारलं, यायचंय का. याकोबनं नकारार्थी मान हलवली, तशी गाडी निघून गेली, आणि दोघं पुढच्या गाडीची वाट पाहत तिथंच सावलीत उभी राहिली.