सुटलेला बोया

हेमावतीला खुर्चीत बसवेना. संयुक्ताच्या एग्मोरमधल्या चिमुकल्या ऑफिसात ती दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होती. शेवटी ती संयुक्तासमोर थांबली.

"आज संध्याकाळी किनारा समितीची बैठक आहे, अक्का. सगळे बोये काढून टाकणार म्हणतात."

संयुक्ता खासगी तपास करायची. शेषाद्री तिचा जोडीदार. दोघांनाही समुद्रातलं काही ठाऊक नव्हतं. हेमावतीने समजावलं. नांगर टाकला की प्रवाळ मोडतं, म्हणून कोवळमच्या समुद्रात नांगराला बंदी. बोटींनी तरंगत्या बोयाला बांधून घ्यायचं. बोया दोराने तळाशी जखडलेला. त्या बोयांची देखभाल हेमावतीकडे. रविवारी शिकाऊ पाणबुड्यांना नेणारी एक बोट खडकावर आदळली आणि रम्या नावाच्या विद्यार्थिनीचा हात चिरडला.

"प्रशिक्षक श्रीवत्स म्हणतो, माझा दोर कुजका होता. मी तो नुकताच बदललाय."

तिघं चेन्नईजवळच्या कोवळमला पोचली. समुद्रात सापडलेला बोया किनाऱ्यावरच्या शेडपुढे पडला होता. त्याचा दोर अंगणभर पसरलेला; शेषाद्री तो ओलांडताना वैतागला.

बोटीचे मालक बालाजीराव म्हणाले, "कानाचा पडदा फाटल्यापासून मी पाण्याखाली जात नाही. श्रीवत्सलाच विचारा."

कोळी मुनुस्वामी रागातच होता. "हे बोये आमची जाळी फाडतात. तरी त्या दिवशी आदळलेल्या बोटीवरून माणसं मीच उतरवली. बोटीच्या पुढच्या टोकाला दोराचं वेटोळं होतं, त्यात पाय अडकून पडलो. दुसऱ्या दिवशी हा बोया दूर एकटाच तरंगताना दिसला, तोही आणून दिला."

श्रीवत्स सारखा घड्याळ बघत होता. "बोट बोयालाच बांधली होती. तळाशी दोर तुटला, आम्ही वाहत गेलो."

शेषाद्री कुजबुजला, "मुनुस्वामीनेच कापला. जाळ्यांचा राग."

"होडीतून कापला असता तर बोयाखाली हातभर दोर उरला असता," संयुक्ता सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाली. "इथे अंगण भरलंय. म्हणजे तळाशी उतरून कापलाय. मुनुस्वामीकडे पाणबुड्याचं सामान नाही, बालाजीरावांचा कान साथ देत नाही."

"पण तो आपोआप तुटला असेल तर?" शेषाद्रीने विचारलं.

"मग बोया बोटीबरोबरच खडकावर सापडला असता, दूर एकटा नाही. आणि बोटीचा दोर तर वेटोळं करून ठेवलेला होता. बोट बोयाला बांधलीच नव्हती. श्रीवत्स, तुम्ही नांगर टाकलात."

श्रीवत्सने घड्याळ काढून खिशात टाकलं.

"पोरांना थेट प्रवाळावर उतरायचं होतं," तो म्हणाला. "नांगर घसरला. रम्याचा हात पाहिला आणि डोकंच चालेना. दुसऱ्या दिवशी पहाटे खाली जाऊन दोर कापला, दोष बोयावर जावा म्हणून."

शेषाद्रीला वाटलं, आता हेमावती त्याच्यावर तुटून पडेल. तिचा आवाज मात्र थंड होता.

"समितीपुढे तू स्वतः सांगशील. आणि त्याआधी नांगर कुठे टाकलास ती जागा दाखव. मोडलेले तुकडे जिवंत असतील, तर अजून परत बसवता येतील."

ती बोटीकडे निघालीसुद्धा. श्रीवत्स क्षणभर घुटमळला, मग चपला काढून तिच्यामागे पाण्यात शिरला.