साखर कोणत्या सुईत?

कस्तुरी बिसेनचा उजवा घोटा कित्येक महिने दुखत होता आणि तो दुखतोय हे तिच्याशिवाय कुणालाच दिसत नव्हतं.

खो-खो खेळताना पाय मुरगळला होता. सूज उतरली, एक्स-रेमध्ये हाड ठणठणीत निघालं, तरी खांबाला वळसा घालताना आतून कळ यायचीच. साताऱ्याच्या क्रीडा वसतिगृहातल्या मैत्रिणी आधी रोज विचारायच्या, "कसा आहे गं पाय?" मग विचारेनाशा झाल्या. प्रशिक्षक म्हणाले, "मनातून काढून टाक." संध्याकाळी सगळ्या मैदानावर गेल्या की ती खोलीत एकटी बसून त्यांचा आरडाओरडा ऐकायची. आई-बाबा दूर गोंदियाकडे. बोलणार कुणाशी?

शेवटी वसतिगृहाच्या डॉक्टरांनी तिला टेकडीवरच्या वेदना संशोधन केंद्रात पाठवलं. तिथे तिला डॉ. वामन ओगले भेटले. केस पांढरेशुभ्र, आवाज हळू. केंद्रातले इतर डॉक्टर जेवायला घोळक्याने बसत, हे मात्र कोपऱ्यातल्या टेबलावर एकटेच. त्यांच्या मागे सगळे त्यांना 'साखरपाणीवाले' म्हणत.

त्यांनी तिचा घोटा अलगद दाबून पाहिला. "इथे दुखतंय?"

"हो. पण एक्स-रेमध्ये काही नाहीये."

"एक्स-रेला काय विचारायचंय? तू म्हणतेस दुखतंय, म्हणजे दुखतंय."

इतक्या महिन्यांत असं कुणीच म्हटलं नव्हतं. कस्तुरीचे डोळे भरून आले.

डॉक्टरांनी कागदावर घोटा काढून दाखवला. "हा अस्थिबंध (दोन हाडांना बांधून ठेवणारी चिवट पट्टी). तुझा सैल पडलाय. इथे साखरेचं दाट पाणी टोचलं, की शरीराला वाटतं, काहीतरी बिघडलंय. दुरुस्ती करणाऱ्या पेशी तिकडे धावतात आणि पट्टी हळूहळू घट्ट होते. निदान मला तरी तसं वाटतं."

"नुसतं वाटतं?"

"आयुष्यभर वाटत आलंय. घोटे, गुडघे, पाठी... कितीतरी लोक माझ्याकडून बरे होऊन गेले."

"मग बाकीचे डॉक्टर तुमचं ऐकत का नाहीत?"

"कारण त्यांचा प्रश्न बरोबर आहे. दुखणं कधी आपोआपही कमी होतं. कधी कुणी नीट लक्ष दिलं, एवढ्यानेच कमी होतं. आणि ज्यांना गुण आला नाही, ते माझ्याकडे परत कशाला येतील? मग मला दिसणार ते फक्त बरे झालेले. साखरेनेच गुण आला, हे मी कशावरून सांगू?"

त्यासाठीच केंद्रात एक चाचणी सुरू होणार होती. घोटेदुखीच्या रुग्णांचे दोन गट करायचे, पाठदुखीच्यांचेही तसेच. एका गटाला साखरेचं पाणी, दुसऱ्याला प्लासिबो (औषधासारखं दिसणारं, पण औषध नसलेलं काहीतरी), म्हणजे इथे साधं मिठाचं पाणी. कोण कुठल्या गटात, हे नाणं उडवावं तसं ठरणार. ते रुग्णाला कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही. आई-बाबांनी व्हिडिओ कॉलवर सगळं समजून घेतलं, होकार दिला, आणि कस्तुरी चाचणीत सामील झाली.

सुई टोचण्याचं आणि नंतर प्रश्न विचारण्याचं काम एका यंत्रमानवाकडे होतं. कुणाचीच बाजू घेत नाही म्हणून त्याचं नाव तिऱ्हाईत.

"माझ्या सुईत काय आहे, तुला माहितीये ना?" कस्तुरीने विचारलं.

"माहीत आहे. सांगता येणार नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच."

"मग तुलाही एकटं वाटत असेल."

"ते मोजायची पट्टी माझ्याकडे नाही," तो म्हणाला आणि त्याने कापसाने जागा पुसली.

काही आठवड्यांत दुखणं खरंच कमी झालं. एकदा ती अंगणात हलकेच धावली. डॉक्टर खिडकीतून बघत होते. तिने हात हलवला तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. "मला दाखवू नकोस गं," ते नंतर म्हणाले. "मी उगाच आशा धरून बसतो."

निकालाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. तिऱ्हाईतने सांगितलं, "घोटेदुखी. साखरेच्या गटाला मिठाच्या गटापेक्षा स्पष्टपणे जास्त गुण आला." टाळ्या वाजल्या. "पाठदुखी. दोन्ही गटांत फरक नाही."

टाळ्या थांबल्या. डॉक्टर खाली बघत राहिले.

मग ज्याला त्याला आपापला गट कळला. कस्तुरीला मिठाचं पाणी मिळालं होतं.

ती डॉक्टरांच्या खोलीत शिरली. "म्हणजे मी ढोंगच करत होते! प्रशिक्षक म्हणाले ते खरं होतं, सगळं मनातच होतं!"

"बस इथे," डॉक्टर म्हणाले. "घोट्याकडून निरोप येतो, पण तो किती मोठ्याने ऐकायचा हे मेंदू ठरवतो. भीती, काळजी, एकटेपणा यांनी आवाज वाढतो. कुणीतरी विश्वास ठेवला की तो उतरतो. वाढलेला आवाजही खरा आणि उतरलेलाही खरा. पण पट्टी अजून सैलच आहे. जोरात वळताना कळ येते ना?"

कस्तुरीने मान खाली घातली. "येते. मी तिऱ्हाईतला सांगितलं नाही. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"माझ्या पाठदुखीच्या रुग्णांनीही असंच केलं असेल," डॉक्टर हळूच म्हणाले. "म्हणून लागतं ते मिठाचं पाणी. दोन्ही गटांतली माणसं सारखीच मन राखतात. त्यापलीकडे जो फरक उरतो, तोच साखरेचा."

दारात डॉ. फरीदा मुजावर उभ्या होत्या. हाडांच्या विभागाच्या या प्रमुख; ओगल्यांना सगळ्यात जास्त विरोध यांनीच केला होता. "सर, घोट्याचा उपचार आम्ही सगळ्या डॉक्टरांसाठीच्या मार्गदर्शिकेत घेणार आहोत," त्या म्हणाल्या. "आता साध्या सरकारी दवाखान्यातही मिळेल. पाठीचा मात्र..."

"नाही. पाठीचा नको," डॉक्टर म्हणाले. "पाठदुखीच्या माझ्या जुन्या रुग्णांना मीच फोन करून सांगतो, त्या सुईचा उपयोग नव्हता."

ते फोन करायला त्यांना बरेच दिवस लागले. काही जण चिडले. एकाने फोनच ठेवून दिला.

कस्तुरीला आता खरी साखरेची सुई मिळू लागली, खुद्द डॉक्टरांच्या हातून. त्या वर्षीचे सामने हुकले, पण घोटा सावरत गेला. शेवटच्या सुईच्या दिवशी ती खांबाला वळसा घालून आली होती, आणि या वेळी कळ खरोखरच आली नव्हती.

"डॉक्टर आजोबा, एक विचारू? यात साखर आहे हे आता मला माहितीये. मग मला बरं वाटतंय ते साखरेमुळे, की माहीत असल्यामुळे?"

डॉक्टरांचा हात थांबला. "हे कसं शोधशील?"

तिने बोटांवर दोन गट मोजले. "सगळ्यांना साखरच द्यायची. पण अर्ध्यांना सांगायचं आणि अर्ध्यांना नाही. म्हणजे दोघांत जो फरक उरेल, तो माहितीचा!"

सुई हातात तशीच धरून डॉक्टर खुर्चीत बसले. "तिऱ्हाईत," ते म्हणाले, "आणखी एक खुर्ची आण रे. हिच्याशी सविस्तर बोलायचंय."