पिवळी बाद होणार नाही

सपाटीवर शहाण्यासारखी पळणारी बस चढ लागला की आचके का देते? सांगा बघू! आम्हालाही सांगता येत नव्हतं, आणि उत्तर सापडलं नसतं तर माझी शाळाच सुटली असती.

मी कालिंदी. आमच्या वेळोशी गावात शाळा सातवीपर्यंतच आहे. आठवीला खिंड ओलांडून पलीकडे जावं लागतं. ताईच्या वेळी बस नव्हती, म्हणून ती सातवीनंतर घरी बसली. माझ्यापेक्षा हुशार होती ती! तेव्हापासून मला त्या खिंडीचाच राग आहे. पुढे गावाने गोबरगॅसचा मोठा प्रकल्प उभारला आणि तोच गॅस शुद्ध करून त्यावर चालणारी बस आली. तिला आम्ही म्हणतो पिवळी.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळी सपाटीवर छान पळाली आणि खिंडीच्या पहिल्याच वळणावर आचके देऊ लागली. नेमका त्याच दिवशी वाहनतपासणीचा यंत्रमानव बसमध्ये होता. त्याचं नाव 'परीक्षक', आम्ही म्हणतो खडूसराव. बस थांबली तसा तो उतरला आणि त्याने इंजिनाला आपली वायर जोडली.

"चढावर सहापैकी दोन सिलिंडर पेटत नाहीत," तो म्हणाला. "इंजिन झिजले आहे. गॅसचे इंजिन चढाला दुबळेच. बस बाद. दुसरी बस जूनमध्ये मिळेल."

आणि त्याने काचेवर 'बाद' अशी लाल चिठ्ठी चिकटवून टाकली.

जून! एकदा घरी बसलेली मुलगी पुन्हा शाळेत जाते का, हे मी घरातच पाहिलं होतं. माझं डोकंच फिरलं.

"दुबळं? अख्खा पावसाळा हीच बस हीच खिंड चढली. मग एका दिवसात इंजिन झिजलं का रे?"

"माहिती उपलब्ध नाही."

"माहिती नाही, तर बाद कसं केलंस?"

"कालिंदे, गप की गं," आमची ड्रायव्हर सुगंधामावशी कुजबुजली. "सरकारी माणूस आहे त्यो."

"माणूस कुठाय?" मी म्हणाले.

खडूसरावात एक गुण मात्र आहे. प्रश्न विचारला की त्याला उत्तर द्यावंच लागतं. मी त्याला सोडलं नाही.

"सिलिंडर पेटत नाही म्हणजे काय?"

"सिलिंडर ही इंजिनातली पोकळ नळी. तिच्यात पिस्टन (वर-खाली सरकणारा दट्ट्या) असतो. आत इंधन जळते, तापलेला वायू फुगतो आणि पिस्टनला ढकलतो. त्या धक्क्यांवर चाके फिरतात. एखादा धक्का चुकला की आचका बसतो."

"पण इंधन पेटतं कसं?"

त्याने आमच्या व्हॉलीबॉलचा पंप मागितला, मला पंपाच्या तोंडावर बोट दाबायला सांगितलं आणि भराभर पंप मारला. जरा वेळाने नळीला हात लावून बघते तर ती कोमट!

"हवा दाबली की तापते," खडूसराव म्हणाला. "डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबतात, इतकी तापवतात, की फवारलेले डिझेल आपोआप पेटते. नैसर्गिक वायूत आणि तुमच्या शुद्ध केलेल्या गोबरगॅसमध्ये मुख्यतः मिथेन (एक ज्वलनशील वायू) असतो. तो नुसत्या दाबाने सहज पेटत नाही. म्हणून या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला स्पार्क प्लग (विजेची ठिणगी पाडणारा भाग) बसवतात."

"म्हणजे मिथेन माझ्यासारखा हट्टी आहे."

"असा गुणधर्म नोंदलेला नाही."

"बरं. मग ठिणगी चढावरच का चुकते?"

"चढावर ताकद जास्त लागते, म्हणून आत जास्त गॅस आणि हवा भरली जाते. त्या दाटीतून ठिणगीला उडी मारणे अवघड जाते. अशा वेळी विजेला दुसरी सोपी वाट दिसली, तर ती तिकडून निघून जाते."

"कसली सोपी वाट?"

"वायरीचे फाटलेले आवरण. किंवा ओल."

ओल! मी वळून मावशीकडे पाहिलं. तिच्या मागे पिवळीला घातलेली झेंडूची माळ अजून लोंबत होती. काल दसरा म्हणून मावशीने पिवळीला आंघोळ घातली होती. नुसती वरून नाही, इंजिनाचं झाकण उघडून, आत जोरदार पाण्याचा पाइप मारून.

"अगं बया!" मावशीने कपाळाला हात लावला. "माझ्या आधीच्या डिझेलच्या ट्रकला दर दसऱ्याला अशीच घालायची की आंघोळ. कधी काही झालं नाही त्याला."

"त्यात ठिणगीचा प्लगच नव्हता मावशी! भिजणार काय?"

"रस्त्यात दुरुस्ती करण्याचा नियम नाही," खडूसराव मध्येच म्हणाला.

"करू नये असा तरी नियम आहे का?"

त्याने आपले सगळे नियम तपासून पाहिले. "नाही."

मावशीने इंजिन बंद केलंच होतं. आता गॅसचा व्हॉल्व्ह बंद केला, आम्हाला लांब उभं केलं आणि इंजिन निवल्यावर प्लगवरची टोपणं काढली. प्लग बसतात त्या खळग्यांपैकी दोनांत पाणी साचलं होतं. एकात तर झेंडूची पाकळी तरंगत होती! मावशीने फडक्याने पाणी टिपलं, आमच्या पंपाने हवा मारून खळगे सुकवले आणि टोपणं पुन्हा घट्ट बसवली.

पिवळी निघाली. पहिलं वळण आलं, मी डोळे मिटून घेतले. आचका नाही. दुसरं वळण, तिसरं, आणि थेट खिंडीचा माथा! पोरांनी इतका ओरडा केला की मावशीला भोंगा वाजवायची गरजच पडली नाही.

"सहाही सिलिंडर पेटत आहेत," खडूसराव म्हणाला. "माझा निर्णय चुकला. बिघाडांच्या कारणांत 'दसरा' हे कारण नव्हते."

"मग तुझ्या यादीत घाल की! आणि बाद करण्याआधी विचारत जा."

त्याने लाल चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. मी मोठी झाले ना, की दसऱ्याची आंघोळसुद्धा सोसेल असं इंजिन बनवणार आहे. गावोगावच्या गोबरगॅसवर ट्रक घाट चढतील, आणि कुणी त्यांना दुबळं म्हणून तर दाखवू दे!

संध्याकाळी ताईला सगळं सांगितलं. पंपाच्या तोंडावर बोट दाबायला लावलं. नळी कोमट लागली तशी ती प्रश्नांवर प्रश्न विचारत सुटली, अगदी माझ्यासारखी.

"ताई, चल ना उद्या शाळेत. मी विचारते बाईंना. पिवळीत जागा आहे."

ती हसली. "माझं काय आता! मी कधीच बाद झाले गं."

मी खिशातली लाल चिठ्ठी काढली आणि तिच्यासमोर टराटरा फाडली.