बाराव्या ओंडक्यावरचं दंव

परवा दुपारी स्तेफा मधमाश्यांचे ओंडके न्यायला आली. घसरगाडीचा घोडा फाटकाशी बांधला, बुटांवरचा बर्फ झटकला आणि टेकायच्या आधीच म्हणाली, "मावशी, बाराही नेते, खेपा करून." मी म्हटलं, आधी बस, पाव-मध खा. आणि बारा नाही, अकरा.

आमच्या लिथुआनियात मधमाश्या विकत नाहीत, देतात. ज्याला दिल्या तो सोयरा झाला. स्तेफाचा आजोबा बालीस, त्याने माझ्या सासऱ्यांना पहिला थवा दिला, तेव्हापासूनची आमची सोयरीक. आता माझे गुडघे गेले. सकाळी एकदा काठी टेकत मागच्या अंगणात चक्कर मारते, तेवढंच. म्हणून माश्या तिच्या घरी परत चालल्या. पुरुषभर उंचीचे, ओकच्या खोडाचे उभे पोकळ ओंडके. बाराव्यात माश्या नाहीत, चाळीस वर्षांत नव्हत्या.

"मग सरपणाला तरी द्या," स्तेफा म्हणाली.

तिचा काय दोष? तिला कुणी सांगितलंच नव्हतं. चार वाजले होते, खिडकीबाहेर काळवंडायला लागलं होतं. मी दिवा लावला आणि तिला सगळं सांगितलं.

चाळीस वर्षांपूर्वी, लढाईच्या दिवसांत, गावात जर्मन होते. शहरातल्या ज्यूंना कुंपणात कोंडलं होतं, तिथून एकेक गाडी भरून जंगलाकडे जायची आणि रिकामी परत यायची. सासऱ्यांचं मेण घेणारा एक औषधवाला होता, त्याची आठ वर्षांची मुलगी गिटेल. सासऱ्यांनी तिला पेंढ्याखाली झाकून घरी आणलं. मी खूप भांडले. पकडले गेलो तर सगळे मरू, म्हटलं. ते म्हणाले, "हो, मरू. आता तिला दूध दे."

एरवी ती गोठ्याच्या माळ्यावर असायची. कुणी यायचं झालं की बाराव्या ओंडक्यात. त्यातल्या माश्या आदल्या थंडीत मेल्या होत्या, पण सासऱ्यांनी ते कुणालाच कळू दिलं नव्हतं, बालीसलासुद्धा. माश्यांच्या ओंडक्यात हात घालायला शिपाई घाबरायचे. गिटेल आत सरळ उभी राहायची आणि लाकडाला एक उभी चीर होती तिथे तोंड लावून श्वास घ्यायची. पहिल्यांदा तिने विचारलं होतं, शेजारच्या माश्या डसतील का? सासरे म्हणाले, "तू त्यांची भाडेकरू. भाडेकरूला कोण डसतं?" फार जीव होता म्हाताऱ्याचा तिच्यावर, आणि तिचा त्याच्यावर.

जानेवारीत सासरे गेले. झोपेतच गेले. मयताला अख्खा गाव येणार, माळ्यावरही कुणी चढेल, म्हणून पहाटे मी गिटेलला ओंडक्यात उभं केलं. तिने विचारलं, "आजोबा कुठे आहेत?" मी म्हटलं, झोपलेत. खरं सांगितलं असतं तर रडली असती ना. मला वाटलं, संध्याकाळी मांडीवर घेऊन सांगू.

घरात माणूस गेलं की ते माश्यांना सांगावं लागतं. नाही सांगितलं तर माश्या रुसतात, मरतात. घरच्या सुनेने घराची किल्ली घेऊन प्रत्येक ओंडक्यावर तीनदा ठोकायचं आणि गेलेल्याचं नाव सांगायचं. सगळा गाव मागे टोप्या काढून उभा. त्यात जर्मनांच्या चाकरीतला एक पोलीसही होता, आमच्याच पंचक्रोशीतला. मी अकरा ओंडक्यांवर ठोकलं. प्रत्येकातून घूं असा आवाज आला. बाराव्यासमोर माझा हात उचलेना. आत ती ऐकत होती. मी तशीच पुढे गेले.

बालीसच्या ते लक्षात आलं. बारावा त्याच्याच थव्याचा, असं तो समजून होता. मित्राचं मरण आपल्या माश्यांना सांगितलं नाही, याचं त्या भल्या माणसाला फार लागलं. "अगं, बारावा राहिला की," असं म्हणत तो स्वतःच गेला. आपल्या अंगठीने तीनदा ठोकलं आणि मोठ्याने म्हणाला, "माश्यांनो, तुमचा मोतेयुस गेला."

आतून आधी काहीच आलं नाही. मग एक हुंदका आला. एकच. दाबलेला.

पुढचं मी स्तेफाला थोडक्यातच सांगितलं. पोलिसाने ओंडक्याची झडप उघडली. माझा नवरा विंत्सास पुढे झाला. म्हणाला, मी आणि बापाने लपवली. बायकोला काही ठाऊक नाही, ती अर्धवट आहे, बघितलंत ना, तिला बारापर्यंत मोजतासुद्धा येत नाही. काही जण हसले. त्या हसण्यावर मी वाचले. त्याला आणि गिटेलला जंगलाकडे नेलं. ती रडत नव्हती. जाताना माझ्याकडे वळून तिने एवढंच विचारलं, "तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

बालीस त्यानंतर आमच्या अंगणात कधी आला नाही. जगला वीस वर्षं, पण आला नाही.

स्तेफा पाव हातात धरून बसली होती. "आजोबांनी घरात कधी काढलं नाही हे," ती म्हणाली.

"अजून संपलं नाही," मी म्हटलं.

थंडीत जिवंत ओंडका कसा ओळखतात ते तिला शिकवायला नको. आत माश्या श्वास घेतात, बाहेर त्यांच्या भोकाभोवती दंव धरतं. रिकामा ओंडका कोरडा राहतो. पुढच्या जानेवारीत मी अंगणात गेले तर बाराव्याच्या चिरेवर दंव धरलेलं. गोल, मुठीएवढं, माझ्या छातीच्या खाली. झडप उघडून पाहिलं. आत काही नव्हतं... फक्त हाताला ऊब लागली.

त्याच्या पुढच्या वर्षी ते बोटभर वर होतं. मग आणखी बोटभर. दर जानेवारीत मी जाऊन बघायची. माझ्या खांद्यापर्यंत आलं, मग हनुवटीपर्यंत, आणि तिथे थांबलं. पोरी वाढायच्या थांबतात, तसंच.

"तिला सांगायला हवं होतं ना, मावशी... की ती गेली," स्तेफा हळूच म्हणाली. "रीत आहे."

मला माहीत आहे रीत. चाळीस वर्षं किल्ली कमरेला आहे. कितीदा समोर जाऊन उभी राहिले. पण सांगितलं आणि ते दंव धरायचंच थांबलं, तर? एकदा मारली तिला, पुन्हा कशी मारू? मी स्तेफाला म्हटलं, मी मेले की तुझ्या घरच्या अकरांना सांग. बाराव्याकडे जाऊ नकोस. गेलीसच, आणि आतून कुणी विचारलं, तर म्हण, झोपलेय.

तिने माझ्याकडे पाहिलं. म्हातारी भ्रमिष्ट झाली, असंच वाटलं असणार तिला. तिने कंदील उचलला आणि मागच्या अंगणात गेली. मी खिडकीतून उजेड हलताना बघत होते. तो बाराव्यापाशी थांबला. मग खाली वाकला. बराच वेळ तसाच राहिला.

परत आली तेव्हा हातमोजा काढलेला होता आणि बोटं ओली होती. बसली नाही.

"मावशी, तुम्ही एकच म्हणाला होतात ना?"

"एकच. हनुवटीपाशी."

"ते आहे. पण त्याच्या खाली दुसरं आहे... माझ्या कमरेएवढ्या उंचीवर. लहान आहे, नाण्याएवढं, चार-पाच वर्षांच्या पोराचं तोंड येईल तिथे. मी हात लावला तर मऊ लागलं, नुकतंच धरलेलं."

त्याच सकाळी मी गेले होते तेव्हा ते नव्हतं.